परदेशी पाहुण्याचे द्रव्य आणि आपली खातेवही

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले : वैद्य, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. येथे द्रव्य म्हणजे औषध, हे आपण सारे जाणतोच. परंतु मराठीत हाच शब्द पैशालाही लावला जातो. औषधरूपी द्रव्याची शुद्धाशुद्धता, वीर्य आणि मात्रा यांविषयी आपण जितके दक्ष असतो, तितकी दक्षता दुसऱ्या अर्थाच्या द्रव्याविषयी आपल्या व्यवसायात क्वचितच दिसते. एरवी ही उणीव खपून जाते. कारण रुग्ण शेजारच्या गल्लीतला असतो, पैसा रुपयांत येतो आणि हिशेब एका बैठकीत मिटतो. परदेशी पाहुणा दारी आला म्हणजे मात्र ती उघडी पडते. प्रस्तुत लेखात परकीय चलनातून येणाऱ्या देयकांचा ताळा कसा जुळवावा, याचा व्यावहारिक विचार करावयाचा आहे.

विषय हिशेबनीसाचा आहे, वैद्याने त्यात का शिरावे, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर लेखाच्या उत्तरार्धात येईल. तूर्त एवढेच सांगतो, की हा हिशेब विसकटला तर त्याची झळ केवळ गल्ल्याला लागत नाही, ती चिकित्सेच्या निर्णयापर्यंत पोहोचते.

नागपुरातील परिस्थिती

नागपूर म्हणजे केरळ नव्हे आणि गोवाही नव्हे. परदेशी रुग्ण हे आपल्याकडे नित्याचे चित्र नाही. परंतु ते अगदीच दुर्मीळही राहिलेले नाही. पेंच आणि ताडोबा येथे व्याघ्रदर्शनासाठी येणारा पर्यटक बहुधा नागपूरच्या विमानतळावर उतरतो. दीक्षाभूमी आणि कामठीचे ड्रॅगन पॅलेस येथे जपानसह अन्य बौद्ध देशांतील उपासक येतात. सेवाग्रामला येणारे अभ्यासकही याच वाटेने जातात. याशिवाय सर्वांत मोठा वर्ग आपल्याच माणसांचा आहे. आखाती देशांत, अमेरिकेत, युरोपात स्थायिक झालेली वैदर्भीय कुटुंबे सुट्टीत घरी येतात आणि आई-वडिलांबरोबर स्वतःचेही पंचकर्म उरकून घेतात.

मनीषनगर हा भाग वर्धा मार्गालगत आणि विमानतळापासून जवळ. येथील वैद्याकडे असा पाहुणा येतो तेव्हा तो बहुधा वर्धा मार्गावरील एखाद्या हॉटेलात उतरलेला असतो. कधी तो चिकित्सालयात येऊन स्वतः पैसे देतो, कधी हॉटेलच निवास, पथ्याहार आणि चिकित्सा यांचे एकत्रित बिल करते व वैद्याचा वाटा नंतर वळता करते. केंद्र शासनाने जुलै २०२३ मध्ये आयुष चिकित्सेसाठी स्वतंत्र व्हिसा सुरू केल्यापासून केवळ उपचारासाठी येणाऱ्यांनाही रीतसर वाट मिळाली आहे.

वर्षाकाठी असे रुग्ण थोडेच येतात, आणि खरी अडचण त्यातच आहे. जेथे रोज परदेशी पाहुणे येतात तेथे पद्धत आपोआप बसते. जेथे ते अधूनमधून येतात तेथे प्रत्येक वेळी नवा गोंधळ होतो आणि प्रत्येक गोंधळाचे खापर कोणाच्या तरी माथी फुटते.

हॉटेल व्यवसायाकडून घेण्यासारखे

हा प्रश्न आपल्या आधी हॉटेल व्यवसायाने सोडविला आहे. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याच्या काळात परदेशी पाहुण्याने हॉटेलचे बिल परकीय चलनात द्यावे, अथवा रुपयांत दिल्यास ते रुपये अधिकृतपणे बदलून घेतल्याचे प्रमाणपत्र दाखवावे, असा दंडक होता. त्यातच मार्च १९९२ पासून सुमारे वर्षभर रुपयाचे दोन दर अस्तित्वात होते, एक सरकारी आणि एक बाजाराचा. ते मार्च १९९३ मध्ये एक झाले. पुढे १ जून २००० पासून जुन्या कायद्याची जागा १९९९ च्या परकीय चलन व्यवस्थापन कायद्याने, म्हणजेच फेमाने घेतली आणि वातावरण बरेच सैल झाले. परंतु त्या कडक काळात लागलेली शिस्त मोठ्या हॉटेलांनी सोडली नाही.

त्या शिस्तीची तीन अंगे आपल्या उपयोगाची आहेत. पहिले, प्रत्येक पाहुण्याचे स्वतंत्र खाते. त्यात खोलीभाड्यापासून चहापर्यंत सारे त्याच दिवशी चढते. दुसरे, स्वागतकक्षात लावलेला त्या दिवसाचा विनिमयदर. तो सकाळी लागतो आणि दिवसभर कोणीही आपल्या मर्जीने बदलत नाही. तिसरे, ज्याला त्या व्यवसायात नाइट ऑडिट म्हणतात ती रात्रीची तपासणी. दिवस संपल्यावर पाहुण्यांची खाती, रोकड आणि कार्डयंत्राचा अहवाल एकमेकांशी ताडून पाहिले जातात व फरक असल्यास तो त्याच रात्री नोंदविला जातो. महिनाअखेरीस शोधलेला फरक सापडत नाही. रात्री शोधलेला बहुधा सापडतो.

मागध मान आणि कालिंग मान

औषधनिर्मिती करणाऱ्या मित्रांना हा विषय समजण्यास एक आपलेच उदाहरण पुरेसे आहे. शार्ङ्गधराने मागध आणि कालिंग अशी दोन माने सांगितली आहेत. नावे तीच, परंतु वजने निराळी. एका कल्पातील काही द्रव्ये मागध मानाने आणि काही कालिंग मानाने घेतली, तर कल्प बिघडतो. त्यात कोणी चोरी केलेली नसते. आधुनिक काळातही हेच आहे. जुना तोळा ११.६६४ ग्रॅमचा, भारतीय आयुर्वेदीय औषधयोग संग्रहाने व्यवहारासाठी तोळा १२ ग्रॅम, पल ४८ ग्रॅम आणि प्रस्थ ७६८ ग्रॅम असे मान ठरविले. जुन्या तोळ्याने तोललेला माल नव्या तोळ्याच्या नोंदीशी ताडला, तर प्रत्येक शंभर तोळ्यांमागे ३३.६ ग्रॅमची तूट दिसेल. ही तूट मालाची नव्हे, ती मानाची आहे.

परकीय चलनाच्या हिशेबातील बहुतांश फरक याच जातीचे असतात. पाहुणा युरोत मोजतो, बँक आपल्या खरेदीदराने मोजते, आपला लेखनिक सकाळच्या वर्तमानपत्रातील दराने मोजतो. तीन माने, एक रक्कम आणि तीन उत्तरे. म्हणून पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा नियम असा : *दरपत्रक रुपयांत, बिल रुपयांत, पावती रुपयांत.* पाहुण्याला अंदाज यावा म्हणून युरो वा डॉलरमधील आकडा तोंडी सांगण्यास हरकत नाही; परंतु तो अंदाज आहे हे त्याच वाक्यात सांगावे, आणि कागदावर केवळ रुपयेच असावेत.

पैसा येण्याच्या चार वाटा

फरकाचे निदान करावयाचे तर पैसा कोणत्या वाटेने आला हे प्रथम पाहिले पाहिजे. प्रत्येक वाटेवरची झीज निराळी असते.

१) परकीय चलनी नोटा. पाहुण्याने सेवेपोटी दिलेले परकीय चलन जवळ बाळगण्यास नियमांत मर्यादित मुभा असली, तरी चलन बदलून देणे हा रिझर्व्ह बँकेने अधिकृत केलेल्या व्यक्तींचाच व्यवसाय आहे. शंभराची डॉलर नोट घेऊन उरलेले रुपये परत देणे हा दिसायला सुटे देण्याचा प्रकार असला, तरी वस्तुतः तो चलनविनिमयच होय. वैद्याने त्या भानगडीत पडू नये. पाहुण्याला बँकेकडे किंवा अधिकृत चलनविनिमयदाराकडे पाठवावे. ज्या हॉटेलास तशी अनुमती असेल तेथेही त्याचे काम होते. तेथे मिळणारे विनिमय प्रमाणपत्र त्याने जपून ठेवावे, कारण परत जाताना उरलेले रुपये पुन्हा बदलून घेण्यास ते लागते. पाहुण्याने मोठी रोकड आणली असेल, तर ५,००० डॉलरहून अधिक मूल्याच्या नोटा विमानतळावर घोषित करणे त्याला बंधनकारक असते, हेही लक्षात असावे. आणि रुपयांतील रोख रकमेबाबत आपल्यावरही बंधन आहे : १ एप्रिल २०१७ पासून एका व्यक्तीकडून एका दिवसात वा एका प्रसंगापोटी २ लाख रुपये वा अधिक रोख स्वीकारता येत नाहीत.

२) कार्ड. परदेशी कार्ड आपल्या यंत्रावर चालविले, तरी आपल्याला मिळतात ते रुपयेच. चलनाचे रूपांतर कार्डसंस्था आणि पाहुण्याची बँक करतात. त्यामुळे आपल्या खात्यात दिसणारी घट विनिमयदराची नसते. ती यंत्र देणाऱ्या बँकेच्या कमिशनची आणि त्या कमिशनावरील १८ टक्के वस्तू व सेवा कराची असते. परदेशी कार्डावर हे कमिशन देशी कार्डापेक्षा अधिक असते. समजा बिल ८४,००० रुपयांचे आहे आणि कमिशन ३ टक्के ठरले आहे. तर कमिशन २,५२० रुपये, त्यावरील कर ४५३ रुपये ६० पैसे, आणि खात्यात जमा ८१,०२६ रुपये ४० पैसे. उत्पन्नाची नोंद मात्र ८४,००० रुपयांचीच झाली पाहिजे. उरलेला भाग खर्चाच्या बाजूस जातो. पुष्कळ ठिकाणी खात्यात आलेली निव्वळ रक्कमच उत्पन्न म्हणून लिहिली जाते, त्यामुळे बिले आणि उत्पन्न यांचा ताळा वर्षाअखेरीस कधीच बसत नाही.

काही यंत्रे परदेशी कार्ड ओळखताच, रक्कम रुपयांत घ्यावी की कार्डधारकाच्या चलनात, असा प्रश्न विचारतात. दुसरा पर्याय निवडल्यास पाहुण्याला आपल्या चलनातला आकडा लगेच दिसतो. परंतु त्या दरात जादा आकार मिसळलेला असतो. आपल्याला मिळणारी रक्कम ठरल्याप्रमाणे रुपयांतच येते. ही निवड पाहुण्याचीच असली पाहिजे. आपल्या कर्मचाऱ्याने घाईत त्याच्या वतीने बटण दाबू नये. घरी गेल्यावर त्याला जादा आकार दिसतो आणि दोष चिकित्सालयाला लागतो.

३) परदेशातून बँकेमार्फत येणारी रक्कम. आगाऊ नोंदणीची रक्कम बहुधा याच वाटेने येते आणि सर्वाधिक फरक येथेच पडतो. याचा विस्तार पुढे उदाहरणाने केला आहे.

४) यूपीआय. अनिवासी भारतीयांना काही निवडक देशांतील मोबाइल क्रमांकावरूनही आपल्या एनआरई वा एनआरओ खात्याशी जोडलेले यूपीआय वापरण्याची वाट २०२३ पासून खुली झाली. त्याच वर्षी जी-२० परिषदेच्या निमित्ताने परदेशी पर्यटकांसाठी यूपीआय वन वर्ल्ड हे आगाऊ भरणा करून वापरण्याचे पाकीट सुरू झाले. दोन्हींत चलनाचे रूपांतर आधीच झालेले असते आणि आपल्यापर्यंत रुपयेच पोहोचतात. हिशेबाच्या दृष्टीने ही सर्वांत निर्मळ वाट होय.

एका हजार युरोचा प्रवास

हिशेब सोपा व्हावा म्हणून आकडे कल्पित घेऊ. जर्मनीतील एका रुग्णाने १,००० युरो आगाऊ पाठविले. त्या दिवशी वर्तमानपत्रातील दर १०० रुपये होता, म्हणून लेखनिकाने वहीत १,००,००० रुपये येणे दाखविले. प्रत्यक्षात खात्यात जमा झाले ९६,७४९ रुपये ४७ पैसे. फरक ३,२५० रुपये ५३ पैसे. आता त्याचे निदान करू.

वाटेतील मध्यस्थ बँकेने १५ युरो कापून घेतले. १०० च्या दराने त्याचे १,५०० रुपये होतात. उरलेल्या ९८५ युरोंना आपल्या बँकेने स्वतःचा खरेदीदर, समजा ९९ रुपये, लावला. येथे ९८५ रुपये गेले. बँकेचा आकार ५०० रुपये आणि त्यावरील १८ टक्के कर ९० रुपये, मिळून ५९० रुपये. शेवटी चलनरूपांतरावरील कर : १ लाखापर्यंतच्या रकमेस तिचा १ टक्का हे करपात्र मूल्य धरले जाते (किमान २५० रुपये) आणि त्यावर १८ टक्के कर लागतो. ९७,५१५ रुपयांवर तो १७५ रुपये ५३ पैसे. चारही रकमांची बेरीज बरोबर ३,२५० रुपये ५३ पैसे येते.

फरक मोठा आहे की लहान, हा प्रश्न दुय्यम. तो चार नावांनी वाटला गेला आणि शेष शून्य राहिला, हे महत्त्वाचे. ज्या फरकाला नाव मिळाले तो खर्च. ज्याला नाव मिळाले नाही तो संशय. आपण ज्वर पाहून लगेच ज्वरघ्न देत नाही, आधी हेतू शोधतो. तसेच फरक दिसताच तो किरकोळ खर्चात टाकून वही मिटवू नये.

येथे तीन सूचना उपयोगी पडतील. रक्कम पाठविताना सर्व बँकांचे आकार पाठविणाऱ्याने सोसण्याचा पर्याय उपलब्ध असतो. नोंदणीपत्रातच तशी विनंती करावी आणि निव्वळ किती रुपये जमा व्हावेत हे लिहावे. दुसरे, आपल्या बँकेकडून प्रत्येक आवक रकमेची सूचना, म्हणजे पाठविणाऱ्याचे नाव, मूळ चलनातील रक्कम, लावलेला दर आणि आकार दाखविणारा कागद, मागून घ्यावा व त्यावर रुग्णाचा नोंदणी क्रमांक लिहावा. तिसरे, बँक रकमेचे प्रयोजन विचारते तेव्हा अंदाजाने काहीही लिहू नये. रिझर्व्ह बँकेच्या संकेतांकांत हॉटेले, रुग्णालये यांच्याकडे प्रवाशांकडून येणाऱ्या रकमांसाठी पी-०३०१ हा संकेतांक आहे. आपल्या व्यवहारास तो लागू आहे का, हे बँकेकडून निश्चित करून घ्यावे.

हॉटेलमार्फत येणारा वाटा

पाहुणा हॉटेलात उतरला आणि बिल हॉटेलने केले, तर वैद्य आणि हॉटेल यांच्यात आणखी एक गाठ पडते. वैद्याचा वाटा टक्क्यांत ठरला असेल, तर तो कशाचा टक्का? पाहुण्याने युरोत भरलेल्या रकमेचा, रुपयांतील बिलाचा, की कमिशन वजा जाता हॉटेलच्या खात्यात जमा झालेल्या रकमेचा? तिन्ही उत्तरे निराळी येतात आणि करारात शब्द नसला तर प्रत्येक पक्ष आपल्या सोयीचे उत्तर धरतो. चांगले संबंध अशा दोन-तीनशे रुपयांच्या फरकांवरून कडू होतात.

यावर उपाय साधा आहे. वैद्याचे मानधन टक्क्यांत न ठरविता प्रत्येक कर्मासाठी रुपयांत ठरवावे; कार्डाचे कमिशन कोण सोसणार हे लिहून ठेवावे; आणि पाहुणा गेल्यापासून किती दिवसांत रक्कम वळती होईल याची मुदत घालावी. त्याचबरोबर आपल्या रुग्णपत्रिकेचा क्रमांक हॉटेलच्या बिलावर आणि हॉटेलचा बिल क्रमांक आपल्या वहीत, असा परस्पर उल्लेख असावा. नाव जुळविण्यावर विसंबू नये. एकच परदेशी नाव तीन कागदांवर तीन प्रकारे लिहिलेले आढळते. पारपत्र क्रमांक मात्र बदलत नाही. परदेशी व्यक्तीला निवासास ठेवणाऱ्याने तिची माहिती २४ तासांत शासनाला ऑनलाइन कळवावयाचीच असते. ज्या वैद्यांची स्वतःची निवासी सोय आहे त्यांनी तीच नोंद हिशेबाचाही आधार करावा.

येथे चिकित्सेचा प्रश्न येतो

आता आरंभी राखून ठेवलेल्या मुद्द्याकडे वळू. परदेशी रुग्णाला ठरलेल्या दिवसांचा आणि ठरलेल्या किमतीचा संच हवा असतो, कारण त्याचे परतीचे तिकीट ठरलेले असते. परंतु आपले शास्त्र दिवस आधी ठरवू देत नाही. शोधनापूर्वीचे स्नेहपान मृदुकोष्ठी रुग्णास तीन दिवसांत पुरते, क्रूरकोष्ठीस सात दिवस लागतात. शोधनानंतरचा संसर्जन क्रम शुद्धीच्या प्रतीनुसार तीन, पाच वा सात दिवसांचा होतो. केवळ या दोन पायऱ्यांतच आठ दिवसांचे अंतर पडू शकते. शिवाय बल क्षीण दिसल्यास वा उपद्रव उद्भवल्यास वैद्याला कर्म मध्येच थांबवावे लागते.

अशा वेळी पैसे आधीच घेतलेले असतील आणि परतफेडीची रीत ठरलेली नसेल, तर काय होते? रक्कम युरोत आली, रुपयांत जमा झाली, निम्मी खर्च झाली. आता किती आणि कोणत्या दराने परत करावी हे कोणालाच ठाऊक नसते. त्यापेक्षा उरलेली कर्मे उरकून टाकावीत, असा मोह होतो. तो मोह उघड बोलला जात नाही. तो *दोन दिवसांनी पाहू* अशा शब्दांत येतो. म्हणजे जो निर्णय अग्नी, कोष्ठ आणि बल पाहून घ्यावयाचा, त्यावर खातेवहीची सावली पडते. हिशेबाची घडी वैद्यानेच नीट बसविली पाहिजे, असा माझा आग्रह आहे तो यासाठी. परतफेड सोपी असेल, तरच कर्म थांबविण्याचे स्वातंत्र्य खरे असते.

परतफेडीचे नियम रुग्ण येण्यापूर्वी त्याला समजेल अशा भाषेत लिहून द्यावेत. प्रत्येक कर्माचा दर रुपयांत वेगळा दाखवावा. न झालेल्या कर्माची रक्कम रुपयांत परत केली जाईल. ती ज्या वाटेने आली त्याच वाटेने जाईल, म्हणजे कार्डाची कार्डावर आणि बँकेची बँकेत. आणि दरम्यान विनिमयदर बदलल्यास रुग्णाच्या चलनातील आकडा कमीअधिक होईल. शेवटचा मुद्दा उदाहरणाने सांगावा. १०० च्या दराने ४०,००० रुपये म्हणजे ४०० युरो; परतफेडीच्या दिवशी दर १०२ झाला असेल, तर तेच ४०,००० रुपये सुमारे ३९२ युरो होतात. वैद्याने एक रुपयाही ठेवलेला नसतो. पण आधी सांगितले नसेल तर रुग्णाला आठ युरो कापल्यासारखे वाटतात, आणि बरे वाटून गेलेला रुग्णही मनात किंतु घेऊन जातो.

उपस्थात्याची बाजू

चतुष्पादांतील तिसरा पाद उपस्थाता. चिकित्सालयात रोकड सांभाळणारी मुलगी वा मुलगा हाही उपस्थाताच. फरक निघाला की पहिला संशय त्याच्यावर येतो, कारण पैसे त्याच्या हातून गेलेले असतात. वर पाहिलेल्या उदाहरणांतील एकही फरक त्याच्या हातून पडलेला नाही. कमिशन बँकेने घेतले, दर बाजाराने बदलला, मध्यस्थ बँक तर त्याने कधी पाहिलीही नाही. तरीही नावानिशी वाटणी झालेली नसेल तर त्याच्याकडे उत्तर नसते, आणि पगारातून कपात वा कामावरून मुक्ती असा अन्याय घडू शकतो.

म्हणून जबाबदारी स्पष्ट विभागावी. लेखनिकाची जबाबदारी रुपयांतील बिल, पावती आणि यंत्राचा दैनिक अहवाल जुळण्यापुरती. विनिमयदर ठरविणे, बदलणे वा पाहुण्याशी त्यावर घासाघीस करणे हे त्याचे काम नव्हे. खात्यातील जमा रकमेचा ताळा वैद्याने स्वतः किंवा हिशेबतपासनिसाने पाहावा.

वहीचा एक नमुना

परदेशी रुग्णांसाठी एक स्वतंत्र वही ठेवावी. प्रत्येक रकमेस एक ओळ आणि पुढील रकाने पुरेत : रुग्णपत्रिका क्रमांक, बिल क्रमांक व दिनांक, बिलाची रक्कम रुपयांत, पैसा कोणत्या वाटेने आला, मूळ चलन व रक्कम (ज्ञात असल्यास), बँकेत जमा दिनांक, जमा रक्कम, कमिशन व आकार, त्यावरील कर, दरातील फरक, आणि शेवटी शेष. शेषाच्या रकान्यात शून्य येईपर्यंत ती ओळ उघडी समजावी.

पाळावयाचे नियमही थोडेच आहेत.

१) रोज रात्री बिले, रोकड आणि कार्डयंत्राचा अहवाल जुळवावा.

२) आठवड्यातून एकदा बँकेची नोंद पाहून उघड्या ओळी मिटवाव्यात. शुक्रवारी रात्री चालविलेले कार्ड सोमवारी जमा होऊ शकते. ही तूट नव्हे, ती वाटेवरची रक्कम होय.

३) महिनाअखेरीस बँक जुळवणी पत्रक करावे. ३१ मार्चची वाटेवरची रक्कम विशेष काळजीने दाखवावी, कारण बिल एका आर्थिक वर्षाचे आणि जमा दुसऱ्या वर्षाची असते.

४) आगाऊ आलेली रक्कम उत्पन्नात न घेता रुग्णाच्या नावे ठेवावी, कर्म झाल्यावरच तिचे उत्पन्न होते.

५) औषधविक्री, चिकित्सा आणि निवास यांच्या ओळी बिलातच वेगळ्या ठेवाव्यात.

पाचवा नियम औषधालयचालकांनी विशेष लक्षात घ्यावा. अधिकृत वैद्याने वा चिकित्सालयाने केलेली चिकित्सा वस्तू व सेवा करातून मुक्त आहे. रुग्ण परदेशी आहे म्हणून त्यात फरक पडत नाही. परंतु रुग्णाने सोबत नेण्यासाठी विकत घेतलेले औषध ही वस्तूची विक्री होय. शास्त्रोक्त ग्रंथांतील नावानेच विकल्या जाणाऱ्या कल्पांवर पूर्वीपासून ५ टक्के, तर अन्य आयुर्वेदीय औषधांवर १२ टक्के कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तोही ५ टक्क्यांवर आला. चिकित्सालयातील खोलीचे भाडे दिवसाला ५,००० रुपयांहून अधिक असल्यास जुलै २०२२ पासून त्यावर कर लागू झाला. एका गोळाबेरीज बिलात हे सारे मिसळले, तर कराचा प्रश्न आणि चलनाचा प्रश्न एकमेकांत गुंततात व मग कोणताच सुटत नाही. प्रत्येकाने आपल्या करसल्लागाराकडून स्वतःच्या व्यवसायापुरती खात्री करून घ्यावी, हे सांगणे नलगे.

उपसंहार

परदेशी रुग्ण आपल्या शास्त्रावर श्रद्धा ठेवून येतो. परंतु ज्या समाजातून तो येतो तेथे पावती आणि आकडा यांना मोठे मोल असते. मायदेशी परतल्यावर तो आपल्या कार्डाचे पत्रक आणि आपण दिलेले बिल शेजारी ठेवून पाहतो. दोन आकडे निराळे असतील आणि त्या निराळेपणाचे कारण त्याला आधीच ठाऊक असेल, तर तो पुढल्या वर्षी आणखी दोघांना घेऊन येतो.

आपल्या संघटनेने या कामी पुढाकार घ्यावा, असे सुचवावेसे वाटते. परतफेडीच्या नियमांचे एक पत्रक मराठी व इंग्रजीत तयार करावे, वर दिलेल्या वहीचा नमुना सभासदांना उपलब्ध करून द्यावा, आणि एखाद्या त्रैमासिक सभेत हिशेबतपासनीस व बँक अधिकारी यांचे तासाभराचे मार्गदर्शन ठेवावे. नागपुरात रिझर्व्ह बँकेचे कार्यालय आहे, तेव्हा जाणकार मिळण्यास अडचण पडू नये. ज्या सभासदांकडे असे रुग्ण येतात त्यांनी आपल्या अनुभवातील फरकांचे प्रकार, रुग्णाची ओळख गुप्त राखून, संघटनेकडे कळवावेत. त्यावरून नमुन्यात सुधारणा करता येईल.